पोरे पळविणाऱ्यांची टोळी आणि गावाच्या हातातली काठी

गावात पोरे पळविणारी टोळी फिरते आहे अशी आवई उठली की पहिल्या दिवशी शाळेची हजेरी घटते, दुसऱ्या रात्री तरुण पोरे काठ्या घेऊन पारावर बसतात आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी पुढारी उठून म्हणतो, पोलिसांच्या भरवशावर किती दिवस राहायचे? आईबापांनाच हत्यारे द्या, ती चालवायचे शिक्षण द्या, मग बघू कोण पोराला हात लावतो! ही मागणी ऐकायला मर्दानी वाटते आणि टाळ्याही मिळवून जाते. ती करणाऱ्यांत आपलीही माणसे असतात, म्हणून तिचा विचार आपण केला पाहिजे. नुसते नाक मुरडून चालणार नाही.

मुलाची काळजी खोटी नाही, हे आधी मान्य करू. कळमनुरी तालुक्यात पहाटे घर सोडून शेतावर, रस्त्याच्या कामावर, वीटभट्टीवर जाणारी जी माणसे आहेत, त्यांच्या पोरांना राखायला दाई नाही आणि वाड्याची भिंतही नाही. पोर एकटे शाळेत जाते, एकटे येते, शेळीमागे रानात जाते. ऊसतोडीच्या हंगामात कोपीत झोपलेल्या लेकराला सोडून आईला फडात जावे लागते. हिंगोली-नांदेड रस्त्यावर भरधाव गाड्यांची ये-जा असते, त्यातली एखादी थांबून पोराला उचलून गेली तर तिचा क्रमांक टिपणारे कोण असणार? बंगल्यातल्या मुलांना शाळेची बस दारात येते, तिथे राखणदार असतो, कॅमेरा असतो. म्हणून ही भीती मुळात गरिबाची भीती आहे, आणि तिची टिंगल करण्याचा अधिकार कुणालाही नाही.

आणि पोरे पळविणारे कधीच नव्हते असेही नाही. १९९० ते १९९६ या काळात अंजनाबाई गावित आणि तिच्या रेणुका शिंदे व सीमा गावित या दोन मुलींनी पश्चिम महाराष्ट्रात जे केले ते अजून लोक विसरलेले नाहीत. देवळे, एस.टी. स्टँड, बाजार अशा गर्दीच्या जागांहून त्यांनी लेकरे उचलली, चोरी करताना ढालीसारखी वापरली आणि अडचण होऊ लागली तेव्हा मारून टाकली. १३ मुलांच्या अपहरणाचा हा खटला होता. अंजनाबाई खटला चालण्याआधीच मेली, मुलींना फाशी झाली, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि दयेच्या अर्जावर सरकारने लावलेल्या विलंबामुळे जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिचे रूपांतर जन्मठेपेत केले. या प्रकरणात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या बाया कडेवर लेकरू घेऊन फिरत होत्या. बाजारात उभ्या असलेल्या कुठल्या हत्यारबंद बापाने त्यांच्याकडे संशयाने पाहिले असते? त्या पकडल्या गेल्या त्या एका आईच्या तक्रारीमुळे आणि त्या तक्रारीच्या तपासामुळे. काठी तिथे कामाला आली नव्हती.

आता जिथे काठी कामाला आली तिथे काय झाले ते पाहू.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. रविवारचा बाजार. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या भागातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे उतरले. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागून जगणारी ही माणसे. एका लहान मुलीशी ती बोलली, एवढ्यावरून ‘पोरे धरणारे आले’ अशी हाकाटी झाली. त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि त्या खोलीत ठेचून मारले. पाचही जण संपले. ज्या गावात हे घडले त्या गावातले एकही मूल पळविले गेलेले नव्हते. भिंतीवर महापुरुषांच्या तसबिरी असलेल्या, ग्रामसभा भरणाऱ्या त्या सरकारी खोलीत पाच बापांचे रक्त सांडले. होय, बापांचे. मेलेलेही कुणाच्या तरी लेकरांचे आईबाप असतात, हे ‘पालकांना हत्यारे द्या’ म्हणणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. त्यांच्या लेकरांचे संरक्षण करायला तिथे कुठला हत्यारबंद पालक होता?

त्याच रात्री मालेगावात मराठवाड्यातून पोटासाठी गेलेले एक भटके कुटुंब जमावाच्या तावडीत सापडले. पाच जणांच्या त्या कुटुंबात दोन वर्षांचे एक लेकरूही होते. म्हणजे स्वतःच्या कडेवरच्या पोरासह फिरणारी आई ‘पोरे पळविणारी’ ठरली! एका स्थानिक मुस्लिम तरुणाने त्यांना घरात घेतले, पोलीस वेळेत आले, म्हणून ते जीव वाचले. राईनपाड्याची बातमी देशभर गेली, मालेगावच्या त्या दाराची फारशी गेली नाही. आपल्या वर्तमानपत्री धंद्याचाही हा दोषच म्हणायचा, मेलेल्यांची बातमी मोठी आणि वाचविणाऱ्याची चार ओळींची.

दोन आठवडेही उलटले नाहीत तोच, १३ जुलै २०१८ रोजी, आपल्या मराठवाड्याला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यात औराद तालुक्यातील मुर्की गावाजवळ हैदराबादहून आलेला एक तरुण अभियंता असाच मारला गेला. त्याच्या सोबतच्या परदेशातून आलेल्या मित्राने शाळकरी पोरांना चॉकलेट दिले होते. तेवढा गुन्हा! एका गावातून ते निसटले, तर मोबाईलवरून पुढच्या गावाला निरोप गेला, रस्त्यात अडथळा टाकला गेला, गाडी उलटली आणि जमाव तुटून पडला. सोडवायला गेलेल्या पोलिसांनाही मार बसला. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक पोलिसांच्या डोळ्यांदेखत मारले गेले. तिथेही टाळेबंदीच्या दिवसांत चोरांच्या, मुले पळविणाऱ्यांच्या अफवा पसरल्या होत्या. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात लवंगा गावी उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना पट्ट्याने, काठीने झोडपले. नशिबाने ते जगले.

गडचिंचल्याच्या तीन मृतांसाठी देश हलला, ते योग्यच होते. निरपराध माणूस भगव्या कपड्यातला असो की फाटक्या, त्याच्या मरणाचा जाब विचारलाच पाहिजे. पण राईनपाड्याच्या पाच भिक्षेकऱ्यांसाठी दूरदर्शनच्या पडद्यावर कोण किंचाळले? कुठल्या शंकराचार्यांनी पत्रक काढले? गोसावीही नाथपंथी, तेही हातात झोळी घेणारे. पण भटक्याची झोळी आणि मठाची झोळी यात फरक करणारी नजर या देशात आहे आणि ती नजर जातीची आहे, हे आम्ही सांगायला नको.

मात्र बोट एकाच दिशेला दाखवून आपली सुटका होत नाही. राईनपाडा हे आदिवासी पट्ट्यातले गाव आहे. गडचिंचलेही तसेच. मारणारे आणि मरणारे दोघेही बहुजन, दोघेही पायरीच्या खालचे, दोघांनाही पोलीस ठाण्यात उभे करीत नाहीत. ज्यांना व्यवस्थेने शतकानुशतके संशयित ठरविले त्यांनीच दुसऱ्या संशयिताचा जीव घ्यावा, ही गोष्ट चळवळीने मोकळेपणाने बोलली पाहिजे. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला जे उतरंडीच्या विषमतेचे रूप सांगितले ते असेच काम करते. खालच्याला आणखी खालचा सापडतो.

हा ‘परका’ म्हणजे कोण? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जन्माने माणूस चोर ठरविण्याची सोय करून ठेवली. मनूने जन्माने शूद्र केले, इंग्रजाने जन्माने गुन्हेगार केले. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसे कोंडली गेली, हजेरी दिल्याशिवाय हलता येत नव्हते. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षे झाल्यावर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा रद्द झाला. म्हणून विमुक्त समाज ३१ ऑगस्ट हा आपला मुक्तिदिन मानतो. पण कायदा गेला आणि नजर राहिली. पुढे सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, १९५९ साली भीक प्रतिबंधक कायदा आला, आणि ज्याची झोळी हाच संसार त्याला रस्त्यावर उभे राहणेही गुन्हा झाले. कळमनुरीच्या बाजारात, आखाडा बाळापूरच्या चौकात किंवा कुठल्याही वस्तीवर येणारे गोंधळी, मसणजोगी, नंदीबैलवाले, बहुरूपी, वैदू, पहाटे दारात येणारा पिंगळा, हे कालपर्यंत गावगाड्याला ठाऊक असलेले चेहरे होते. आजी त्यांना सुपातून दाणे घालायची. नातवाला ते ठाऊक नाहीत. नातवाच्या हातात मोबाईल आहे आणि मोबाईलमध्ये ‘सावधान, पाचशे जणांची टोळी उतरली आहे’ असा निरोप आहे. तो निरोप खरा, दारातला माणूस खोटा!

२०१८ साली जी चित्रफीत सगळ्यात जास्त फिरली तिची गंमत, खरे तर शोकांतिका, ऐकण्यासारखी आहे. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यात खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात, असे तिच्यात दिसे. ती पाकिस्तानातील कराचीच्या एका बालसुरक्षा संस्थेने लोकांना सावध करण्यासाठी तयार केलेली जाहिरात होती. मूळ फितीत शेवटी ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवितात की मूल पळवायला एक क्षण पुरतो, लक्ष ठेवा. कुणीतरी तो शेवट कापून टाकला आणि उरलेला तुकडा ‘आपल्या भागातला’ म्हणून सोडून दिला. मुलांना वाचविण्यासाठी केलेल्या फितीने माणसे मारली. पुढे व्हॉट्सअॅपने एक निरोप पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली. पण अफवेला पाच पाय पुरेसे असतात.

बरे, मुले खरोखर कुठे जातात? केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ८० हजारांहून अधिक मुले हरवल्याची नोंद झाली, आणि त्यांत जवळपास तीन चतुर्थांश मुली होत्या. त्यांतली पुष्कळशी सापडतात. मुलांवर लैंगिक अत्याचार करणारा, त्याच नोंदींप्रमाणे, शंभरांतल्या नव्वदाहून अधिक प्रकरणांत मुलाच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मालक, शिकवणारा. लग्नाचे आमिष, कामाचे आमिष, शिक्षणाचे आमिष दाखवून नेणारा ‘आपला माणूस’. त्याच्यावर कुणी काठी उगारीत नाही. त्याला चहा दिला जातो.

त्याच २०२२ साली नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यातील कातकरी पाड्यांवरची मुले उघडकीला आली. आईबापांना थोडे पैसे आणि एखादी मेंढी देऊन ही पोरे मेंढ्या वळायला नेली होती. शाळा नाही, मजुरी नाही, वर मार. त्यांतली दहा वर्षांची एक मुलगी मेली तेव्हा महाराष्ट्राला ही गोष्ट कळली. हे अपहरण नव्हे तर काय? पण ते भरदिवसा, सगळ्यांच्या देखत, व्यवहार म्हणून झाले. त्या पोरांसाठी कुठल्याही गावाने रात्रीची गस्त घातली नव्हती. आपल्याकडे पोर नेणाऱ्याने पोट भरल्याचा बहाणा केला की ते पळविणे ठरत नाही. या आईबापांच्या हाती बंदूक दिली असती तर ती त्यांनी कुणावर रोखायची होती? भुकेवर? उचल देणाऱ्या मुकादमावर?

गरिबाचे मूल खरेच हरवते तेव्हा काय होते त्याचा दाखला दिल्लीजवळच्या निठारीत आहे. २००५ आणि २००६ मध्ये मोलमजुरी करणाऱ्यांची पोरे एकामागून एक नाहीशी होत होती. आईबाप चौकीवर जात होते आणि ‘पळून गेली असेल’ असे ऐकून परत येत होते. डिसेंबर २००६ मध्ये नाल्यातून हाडे निघाली तेव्हा सरकार जागे झाले. आणि एवढे होऊनही तपास असा केला की २०२३ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने कठोर ताशेरे ओढत आरोपींना निर्दोष सोडले. मग ती पोरे मारली कुणी? आज याचे उत्तर कुणाकडेच नाही. निठारीच्या आईबापांना हत्यार कमी पडले नव्हते. त्यांची फिर्याद लिहून घेणारा हवालदार कमी पडला होता.

आता हत्यारांचा हट्ट धरणाऱ्यांना कायदा काय म्हणतो ते सांगू, कारण ‘कायदा आपल्याला काहीच करू देत नाही’ हा त्यांचा लाडका मुद्दा आहे. तो खरा नाही. स्वसंरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंड विधानात होता, आज भारतीय न्याय संहितेत आहे. आपले किंवा दुसऱ्याचे मूल कुणी अंगाला हात घालून पळवून नेत असेल तर त्याला रोखताना बळ वापरता येते, आणि तशाच जिवावरच्या प्रसंगात हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा तो हक्क मान्य करतो. पण त्याच कायद्याने त्याला दोन कुंपणे घातली आहेत. गरजेपेक्षा अधिक इजा करायची नाही आणि सरकारी यंत्रणेची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. पोर आईच्या कुशीत परत आले, संशयिताला दहा जणांनी धरून खाली बसविले, त्या क्षणी संरक्षण संपले. त्यानंतर पडणारा प्रत्येक फटका हा गुन्हा. सामान्य नागरिकालाही गुन्हेगाराला पकडता येते, पण त्याला विनाविलंब, नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. राईनपाड्यात ते पाच जण खोलीत कोंडलेले होते. तिथे कुणाचे संरक्षण चालले होते?

१७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हत्यांबाबत प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी नेमा, खटले जलद चालवा, पीडितांना भरपाई द्या, असे आदेश दिले. १ जुलै २०२४ पासून, म्हणजे राईनपाड्याला बरोबर सहा वर्षे झाली त्या दिवसापासून, लागू झालेल्या न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी जात, जमात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या खुनाला फाशी किंवा जन्मठेप सांगितली आहे. ‘पोरे धरणारा दिसला म्हणून मारला’ हे त्या कारणांत बसते की नाही यावर वकील वाद घालतील. आमचे म्हणणे सरळ आहे. ज्याला कुणीही पोरे धरणारा समजू शकते तो नेहमी भटका, भिकारी, परप्रांतीय, वेडसर किंवा दाढीवाला असतो. मोटारीतून उतरलेला टोपीवाला पुढारी नसतो. मग हे जातीवरून नाही तर कशावरून?

आणि हत्यारे द्यायचीच म्हटली तर ती कुणाच्या हाती जातील? परवाने कुणाला मिळतात हे तालुक्याच्या गावी कुणालाही विचारा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांत तिसरा नियम आहे. अत्याचारप्रवण क्षेत्रात इतरांचे शस्त्र परवाने रद्द करता येतील, बेकायदा हत्यारे जप्त करता येतील आणि गरज पडली तर अनुसूचित जाती-जमातीच्या प्रौढ माणसांना शस्त्र परवाने देता येतील, असे तो सांगतो. तीस वर्षे हा नियम पुस्तकात आहे. आपल्या किती वस्त्यांनी त्याचा उपयोग झालेला पाहिला? २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत हत्यारे कुणाच्या हातात होती आणि निहत्थे कोण होते? ‘पालकांना सशस्त्र करा’ ही घोषणा गावाच्या वेशीवरून आत आली की ती पाटलाच्या वाड्यावर थांबते. तिथल्या बंदुकीला उद्या पोरे पळविणारा सापडला नाही तर वेशीबाहेरचा कुणी सापडेलच.

अमेरिकेचे उदाहरण देणारेही असतात. तिथे घरोघरी बंदूक आहे, आईबापांना ती चालविण्याचे वर्गही आहेत. पण तिथल्याच सरकारी पाहणीप्रमाणे अनोळखी माणसाने पळवून नेण्याच्या गंभीर घटना सबंध देशात वर्षाला शंभराच्या आसपास होतात. मुलांना नेणारे बहुतेक घरातलेच, ताब्यावरून भांडणारे आईबाप असतात. आणि २०२० पासून त्या देशात मुले आणि किशोर यांच्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण बंदुकीची गोळी झाले आहे. अपघात आणि रोगराई मागे पडली. चोराच्या भीतीने घरात आणलेले हत्यार पोराच्याच हाती लागते.

मग काय, हात बांधून बसायचे? मुळीच नाही. शिक्षण दिलेच पाहिजे, आणि ते शिस्तीचे दिले पाहिजे. ही गोष्ट आपल्या चळवळीला नवी नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावरून लोक परतले आणि गावात अफवा उठली की अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. त्या अफवेवर सनातनी जमाव काठ्या घेऊन मंडपात जेवणाऱ्या माणसांवर, बायका-पोरांवर तुटून पडला. आपल्या बाजूला लष्करातून निवृत्त झालेले, हत्यार चालविणे ठाऊक असलेले कितीतरी गडी होते. त्यांच्या मुठी वळल्या होत्या. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. फिर्यादी झाल्या, खटला उभा राहिला, दोषींना शिक्षा झाली. मार खाण्यात बाबासाहेबांना काही पुण्य वाटत होते असे नव्हे. समता सैनिक दल त्याच काळात उभे राहिले आणि त्याच्या हातात काठीही होती. पण ती काठी कवायतीतली होती, हुकुमाशिवाय उठत नव्हती. कवायतीत उभा राहणारा माणूस जमाव होत नाही. अफवेवर धावणारे कोण होते आणि अफवेपुढे उभे राहणारे कोण होते, हे महाडने दाखविले आहे.

तर आईबापांना शिकवायचे काय? मूल गर्दीत दिसेनासे झाले की पहिल्या दहा मिनिटांत कुणी काय करायचे हे. एकाने जागा सोडायची नाही, दोघांनी बाहेर पडण्याच्या वाटा धरायच्या, एकाने ११२ किंवा १०९८ लावायचा. गाडी दिसली तर तिच्यामागे एकट्याने धावण्यापेक्षा क्रमांक, रंग आणि दिशा सांगायची. पोराचा अलीकडचा फोटो आणि अंगावरची खूण घरात कुणाला तरी माहीत असली पाहिजे. पोराला स्वतःचे पूर्ण नाव, गाव आणि एक फोन क्रमांक पाठ असला पाहिजे. कुणी उचलू लागला तर नुसते रडायचे नाही, ‘हा माझा कुणी नाही’ असे ओरडायचे, हे पोराला खेळातून शिकवता येते. आणि ओळखीच्या माणसाचा स्पर्श नको वाटला तर तेही घरात सांगायचे, मग तो मामा असो की मास्तर. हे शेवटचे सगळ्यात अवघड, आणि म्हणूनच सगळ्यात आधी शिकवायचे.

ठाण्यात काय म्हणायचे तेही शिकवावे लागेल. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये सांगितले आहे की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच आणि ते पळविले गेले असावे असे धरून तपास सुरू करायचा. ‘चोवीस तास वाट बघा’ म्हणणारा अंमलदार या आदेशाचा भंग करतो. ही एक ओळ आपल्या प्रत्येक आईला पाठ झाली तर कुठल्याही बंदुकीपेक्षा ठाण्यात तिचे वजन वाढेल.

आणि संशयित माणूस हाती लागला तर? इथे खरे शिक्षण लागते. त्याला धरणारे दहा मिळतात, त्याला राखणारे दोन मिळत नाहीत. प्रत्येक गावात चार-पाच माणसे आधीच ठरलेली हवीत. शाळेची बाई, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, बचत गटातल्या दोन खमक्या बाया. त्यांनी दारात बसायचे. खोलीत कोंडणे म्हणजे संरक्षण नव्हे, राईनपाड्यात खोलीच होती. दाराबाहेर कोण बसले आहे यावर आतल्या माणसाचा जीव ठरतो. एका फोनवर सगळ्या गावाला एकाच वेळी आवाज पोचविणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा आता पुष्कळ ठिकाणी आली आहे. ती चांगली आहे, पण मुर्कीतही निरोपच पुढे गेला होता. त्या यंत्रणेवर पहिला निरोप ‘या’ असा जाईल तेव्हा दुसरा निरोप ‘हात लावू नका, पोलीस निघाले आहेत’ असा जाण्याची सोय असली पाहिजे.

यासाठी नवी संघटना, नवा झेंडा लागत नाही. सरपंच, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील यांची ग्राम बाल संरक्षण समिती सरकारी कागदावर प्रत्येक गावात आहेच. कळमनुरी तालुक्यातल्या आपल्या कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत एवढेच विचारावे की ही समिती शेवटची कधी बसली, तिच्या सदस्यांची नावे काय, आणि ऊसतोडीला गावातून जाणाऱ्या किती पोरांची यादी तिच्याजवळ आहे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय कळमनुरीतच आहे, आश्रमशाळेतून सुट्टीत घरी गेलेली किती मुले, किती मुली परत आल्या नाहीत, हा आकडा तिथे मागावा. कळमनुरी आणि आखाडा बाळापूर या दोन्ही ठाण्यांच्या हद्दीत पाल ठोकून राहणाऱ्या भटक्या कुटुंबांना भेटून त्यांचीही पोरे शाळेत जातात का ते पाहावे आणि गावकऱ्यांशी त्यांची ओळख करून द्यावी. पाल पडले त्या दिवशीच सरपंचाने, पोलीस पाटलाने तिथे जाऊन चहा प्यावा. ते काम दसऱ्याच्या आत, ऊसतोडीच्या गाड्या निघण्यापूर्वी झाले पाहिजे.